वेगाने वाचायचंय? आधी घड्याळ लावा

'मिनिटाला हजार शब्द वाचा' अशी जाहिरात पाहून तुम्ही या विषयाकडे वळला असाल, तर आधीच सांगून टाकतो: ते जमणार नाही. म्हणजे डोळे हजार शब्दांवरून फिरतील, त्यात अवघड काही नाही. पण त्यातलं काय कळलं असं कुणी विचारलं की पंचाईत होते. मात्र वाचायचा ढीग आजच्यापेक्षा कमी वेळात हातावेगळा करता येतो, हे खरं आहे. त्यासाठी महागडा कोर्सही लागत नाही. पेन्सिल, मोबाइलमधला टायमर आणि काय वाचायचं नाही हे ठरवायची तयारी एवढं पुरतं.

या धंद्याची सुरुवात अमेरिकेत झाली. एव्हलिन वुड नावाच्या शिक्षिकेने १९५९ मध्ये 'रीडिंग डायनॅमिक्स' हे वर्ग काढले आणि ते इतके गाजले की पुढे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसमध्ये तो कोर्स केला. पानावरून हात फिरवत मिनिटाला हजारो शब्द वाचायचे, असा दावा होता. नंतर मानसशास्त्रज्ञांनी असे दावे तपासून पाहिले. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं सार असं की वेग आणि आकलन यांची देवाणघेवाण चुकत नाही. वेग दुप्पट-तिप्पट करून आकलन तेवढंच राहील, ही अपेक्षा सोडावी. पण नुसता मुद्दा हवा असेल तेव्हा चाळणं चांगलं काम करतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी धरून आहेत.

पायरी पहिली: आजचा वेग मोजा

न वाचलेला, मध्यम अवघड मजकूर घ्या. आधी वाचलेलं पुस्तक नको, आणि ज्या विषयातलं ओ की ठो कळत नाही असलंही नको. पाच मिनिटांचा टायमर लावा आणि नेहमीसारखं वाचा. मोजमाप चालू आहे म्हटल्यावर हात आपोआप घाई करतो, ती टाळा. वेळ संपली की जिथे पोचलात तिथे खूण करा.

आता शब्द मोजायचे. छापील पुस्तक असेल तर कुठल्याही पाच ओळींतले शब्द मोजून पाचाने भागा, म्हणजे ओळीमागची सरासरी निघते. तिला वाचलेल्या ओळींनी गुणा आणि पाच मिनिटांनी भागा. ओळीत सरासरी ९ शब्द आणि वाचलेल्या ओळी ९० असतील तर ८१० शब्द झाले, म्हणजे मिनिटाला १६२. संगणकावरचा मजकूर असेल तर तो वर्ड प्रोसेसरमध्ये चिकटवा, शब्दसंख्या तिथे आयती मिळते.

हा आकडा पाहून लगेच खट्टू होऊ नका. इंटरनेटवर जे आकडे फिरतात ते बहुतेक इंग्रजीचे असतात. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी: इंग्रजी वाचणारे प्रौढ मनातल्या मनात माहितीपर मजकूर मिनिटाला सुमारे २३८ शब्दांनी वाचतात आणि कथा-कादंबऱ्या सुमारे २६० शब्दांनी. मोठ्याने वाचताना हा वेग १८३ पर्यंत उतरतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटूनच येतात. तेवढाच आशय मोजक्या पण लांब शब्दांत मावतो, त्यामुळे मिनिटामागे शब्द कमी भरणं साहजिक आहे. तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करा, तीही त्याच भाषेतल्या. मराठीचा एक आकडा आणि इंग्रजीचा दुसरा, असे वेगळे लिहून ठेवा.

आणि नुसता वेग लिहू नका. पुस्तक मिटा आणि वाचलेल्यातलं जे आठवेल ते पाच-सहा वाक्यांत उतरवा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा: मुख्य मुद्दा आला का, कारण आलं का, एखादं नाव किंवा आकडा चुकला का. स्वतःला दहापैकी गुण द्या. यापुढे प्रत्येक चाचणीत वेग आणि गुण हे दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. गुणांशिवायच्या वेगाला काही अर्थ नाही.

डोळे नक्की काय करतात

इथे थोडं थांबू, कारण हे कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप निकालात निघतात.

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत जात नाहीत. ते एका जागी थबकतात, मग पुढे उडी मारतात, पुन्हा थबकतात. एकेका थांब्याला साधारण पाव सेकंद लागतो आणि उडीला त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा वेळ. म्हणजे मिनिटाला दोनशेच्या थोडे वर थांबे. एका थांब्यात एखाददुसरा शब्द नीट टिपला जातो. गुणाकार करून पाहा, उत्तर वरच्या २३८ च्या आसपासच येतं. हजारावर जायचं तर एका थांब्यात चार-पाच शब्द टिपावे लागतील. पण डोळ्यांना बारकावा दिसतो तो नजरेच्या अगदी मध्यावरच्या लहानशा भागात. खात्री करायची असेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता त्याच्या पुढचा चौथा शब्द वाचायचा प्रयत्न करा. काहीतरी लिहिलंय एवढंच कळेल. 'नजरेचा आवाका वाढवून अख्खी ओळ एका दमात वाचा' हा सल्ला इथेच अडतो. डोळ्यांचे व्यायाम करून हा भाग मोठा होत नाही.

मग वेग कुठून येतो? थांबा किती लांबणार हे शब्द किती ओळखीचा आहे त्यावर ठरतं. नेहमीचा शब्द चटकन ओलांडला जातो, अनोळखी शब्दावर नजर रेंगाळते. वाक्य पुढे कुठे जाणार याचा अंदाज असेल तर लहानसहान शब्द डोळे गाळूनच टाकतात. म्हणजे खरं काम डोक्यात चालतं, डोळे बिचारे त्याच्या हुकमाचे ताबेदार.

पायरी दुसरी: वाचण्याआधी पाहा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाचतो तो या पायरीने, आणि नवखे लोक सर्वांत आधी गाळतात तीही हीच. पुस्तक हातात आलं की पहिल्या पानापासून सुरू करायची आपल्याला लहानपणापासूनची सवय असते.

माहितीपर पुस्तक असेल तर मलपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावनेची पहिली दोन पानं आणि शेवटच्या प्रकरणाची शेवटची दोन पानं एवढंच आधी पाहा. दहा मिनिटं पुरे. लेखकाला काय सिद्ध करायचंय आणि कुठल्या वाटेने जायचंय हे यातून बहुधा कळतं. मग एका कागदावर दोन-तीन प्रश्न लिहा, म्हणजे तुम्हाला या पुस्तकातून काय हवंय ते. प्रश्न मोघम नकोत. 'झोपेबद्दल माहिती' असं नको. 'दुपारी झोपल्याने रात्रीची झोप बिघडते का' असा हवा. प्रश्न नेमका असला की कुठली प्रकरणं वाचायची आणि कुठली सोडायची हे अनुक्रमणिकेवरूनच ठरवता येतं. दहापैकी चार प्रकरणं सोडली तर तेवढी बचत कुठल्याही डोळे फिरवण्याच्या कसरतीने होणार नाही.

फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी अशीच पद्धत मांडली होती: आधी नजर टाका, प्रश्न काढा, वाचा, न पाहता सांगा, मग उजळणी करा. ती वेग वाढवण्यासाठी नव्हती, लक्षात राहावं म्हणून होती. पण लक्षात राहिलं की तेच प्रकरण परत वाचावं लागत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हा फरक चांगलाच जाणवतो.

हे सगळं कथा-कादंबरीला लावू नका. रहस्यकथेची शेवटची दोन पानं आधी वाचणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

पायरी तिसरी: बोट किंवा पेन्सिल

पेन्सिलीचं टोक ओळीखालून एकसारख्या वेगाने सरकवा आणि नजर त्याच्याबरोबर न्या. पेन्सिल शब्दाशब्दाला थांबता कामा नये. सुरुवातीला नेहमीच्या वेगाने, मग किंचित जास्त. ओळ संपली की पटकन पुढच्या ओळीवर. स्क्रीनवर हेच काम माउसचा बाण करतो.

पेन्सिलीत जादू काही नाही. तिचे फायदे दोन: ओळ चुकत नाही आणि मन भरकटलं की लगेच कळतं, कारण हात थांबलेला असतो. ज्यांचं लक्ष वाचता वाचता उडतं त्यांना याचा चांगला उपयोग होतो. ज्यांचं आधीच एकाग्र असतं त्यांना फारसा फरक पडत नाही, त्यांनी आठवडाभर करून सोडून दिलं तरी चालेल.

पायरी चौथी: मागे जाणं आणि मनातला आवाज

वाचताना डोळे अधूनमधून मागच्या शब्दांकडे वळतात. डोळ्यांच्या दहा हालचालींतली एखादी तरी अशी उलटी असते. वेगवाचनाच्या वर्गांत हा दुर्गुण मानतात. सरसकट तसं नाही. वाक्याचा अर्थ जुळला नाही म्हणून मागे जाणं हा आकलनाचाच भाग आहे. रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द झाकून टाकले, म्हणजे मागे पाहायची सोयच ठेवली नाही. तेव्हा वाचणाऱ्यांचं आकलन घसरलं.

सोडायची आहे ती दुसऱ्या प्रकारची सवय. सगळं कळलेलं असतं, तरी 'नीट वाचलं ना?' या शंकेने अख्खा परिच्छेद परत वाचला जातो. यावर साधा उपाय म्हणजे वाचून झालेला भाग कोऱ्या कागदाने वरून झाकत जाणं. कागद पूर्ण बंदी घालत नाही, तो हलवून मागे जाता येतंच. पण हलवायचा कंटाळा येतो, आणि तेवढ्यात लक्षात येतं की गरज नव्हती.

मनातल्या आवाजाचंही तसंच. ओठ हलत असतील तर ते थांबवा, कारण मग वेग बोलण्याच्या वेगाला बांधला जातो. मनातला आवाज पूर्ण बंद करायच्या नादी मात्र लागू नका. त्यासाठी वाचताना आकडे मोजा, गुणगुणा, च्युइंगम चघळा असले सल्ले मिळतात. सोपा मजकूर त्यात निभावून जाईल. पण वाक्य गुंतागुंतीचं झालं, शब्दांचा क्रम महत्त्वाचा ठरला, की हा आवाजच आधाराला लागतो. सराव वाढला की तो आपणच पुसट होतो.

पायरी पाचवी: चाळायचं कसं

वेगवाचन म्हणून जे शिकवलं जातं ते बहुतांशी चाळणंच असतं. मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कारपेंटर यांनी १९८० च्या दशकात प्रशिक्षित वेगवाचक, नुसते चाळणारे आणि सावकाश वाचणारे यांची तुलना केली. सोप्या मजकुराचा सारांश सांगण्यात वेगवाचक नुसत्या चाळणाऱ्यांपेक्षा बरे निघाले. तपशील विचारला किंवा मजकूर अवघड झाला तेव्हा सावकाश वाचणारे पुढे होते. तेव्हा चाळणं हे चाळणं म्हणूनच शिकलेलं बरं.

लेख किंवा अहवाल असेल तर पहिले दोन परिच्छेद पूर्ण वाचा. नंतर प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा, आणि ते तुमच्या प्रश्नाशी जुळत असेल तरच पुढे वाचा. नसेल तर नजर खाली सोडा. वाटेत आकडे, नावं, ठळक अक्षरं, 'पण', 'म्हणून', 'याउलट' असे शब्द दिसले तर थबका. वळण तिथेच असतं. शेवटचा परिच्छेद पुन्हा पूर्ण. चाळताना अपराधी वाटून घेऊ नका. वेळ खरोखर कमी असेल तर निम्मा मजकूर नीट वाचून निम्मा सोडण्यापेक्षा सगळा चाळणं फायद्याचं ठरतं, कारण महत्त्वाचा मुद्दा कुठल्या अर्ध्यात आहे हे आधी माहीत नसतं.

ही युक्ती जिथे परिच्छेदाचं पहिलं वाक्य मुद्दा सांगतं तिथेच चालते. बातम्या, अहवाल, पाठ्यपुस्तकं यांत ती बहुधा चालते. ललित लेखनात मुद्दा कुठे दडवलाय ते लेखकालाच ठाऊक.

साधनं: कोणती घ्यावीत

पहिला प्रकार म्हणजे एकेक शब्द दाखवणारी अ‍ॅप्स. स्क्रीनवर एकाच जागी शब्द झपाझप बदलत राहतात, डोळे हलवावे लागत नाहीत. ही कल्पना प्रयोगशाळांत १९७० पासून वापरात आहे. २०१४ मध्ये स्प्रिट्झ या कंपनीने शब्दातलं एक अक्षर लाल करून तिची मोठी हवा केली. स्प्रीडरसारखी संकेतस्थळंही हेच करतात. छोटी घड्याळाची स्क्रीन किंवा दोन-चार परिच्छेदांचा निरोप यासाठी ठीक. लांब मजकुरासाठी माझा कौल विरुद्ध आहे. मागे जाता येत नाही, पुढचा शब्द कोपऱ्यातून दिसत नाही, अवघड वाक्यालाही सोप्याइतकाच वेळ मिळतो आणि पापणी लवली की शब्द गेला. शिवाय डोळ्यांची उडी वाचवून मिळतं किती? वर पाहिलं तसं, मुळात ती एवढीशीच असते. वापरून पाहायचंच असेल तर मोजलेल्या वेगापेक्षा थोड्या वरच्या वेगावर लावा आणि नंतर आठवलेलं लिहून गुण द्या. साधनाची पारख त्या गुणांवर करा.

दुसरा प्रकार, शब्दांची सुरुवातीची अक्षरं ठळक करणारं 'बायोनिक रीडिंग'. रेनाटो कासुट या स्विस टायपोग्राफी डिझायनरची ही कल्पना २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर खूप फिरली. त्यानंतरच्या चाचण्यांत वेग वाढल्याचं दिसलं नाही. कुणाला वाचायला बरं वाटत असेल तर त्याने खुशाल वापरावं, वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नये. देवनागरीत तर काना-मात्रा आणि जोडाक्षरं असल्याने शब्द अर्ध्यावर तोडायचा कुठे, हाच प्रश्न आहे.

ज्यांची जाहिरात होत नाही ती साधनं जास्त कामाची. सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरमधला 'रीडर' मोड जाहिराती आणि बाजूची पट्टी काढून नुसता मजकूर ठेवतो. तिथे अक्षर मोठं करा आणि ओळीची रुंदी आवरा. फार लांब ओळीवर परतताना नजर चुकते. मायक्रोसॉफ्ट एजमधल्या 'इमर्सिव्ह रीडर'मध्ये एक, तीन किंवा पाच ओळीच उजळ ठेवायची सोय आहे, ती पेन्सिलीचं काम करते. आणि लांबलचक पीडीएफमध्ये एखादा मुद्दा शोधायचा असेल तर कंट्रोल आणि एफ ही कळांची जोडी. तिला वेगवाचनाचं साधन कुणी म्हणत नाही, पण शंभर पानं वगळून देणारं दुसरं काय आहे?

अभ्यासाचा, घाईत वाचायचा मजकूर शक्यतो कागदावर वाचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन स्क्रीनवाल्यांपेक्षा सरस निघालं, आणि वेळेची मर्यादा होती तिथे हा फरक जास्त होता.

चार आठवड्यांचा सराव

रोज वीस मिनिटं काढा. पहिल्या आठवड्यात फक्त पेन्सिल आणि झाकायचा कागद. दुसऱ्यात वाचण्याआधी पाहणं आणि प्रश्न लिहिणं. तिसऱ्यात रोज एक लेख पाच मिनिटांत चाळायचा, मुद्दे लिहायचे, मग तोच लेख पूर्ण वाचून काय निसटलं ते पाहायचं. चाळण्यावर किती भरवसा ठेवावा हे यातून नेमकं कळतं, म्हणून हा आठवडा चुकवू नका. चौथ्यात तिन्ही एकत्र. दर रविवारी पहिल्या दिवसासारखीच चाचणी, नव्या मजकुरावर. वेग वाढला आणि गुण तेच राहिले तर त्याच वाटेने जा. गुण दोनने घसरले तर वेग खाली आणा, त्यात कमीपणा काही नाही. करार, औषधाच्या सूचना, गणित, प्रश्नपत्रिकेतल्या सूचना आणि कविता यांवर हा सराव मुळीच करू नका.

चार आठवड्यांनंतरची वाढ हळू असते, कारण ती शब्दसंग्रहातून आणि विषयाच्या ओळखीतून येते. ती मिळवायचा माझा आवडता मार्ग म्हणजे एकाच विषयावरची तीन पुस्तकं लागोपाठ वाचणं. पहिलं सगळ्यांत सोपं निवडा आणि अजिबात घाई न करता वाचा. नवे शब्द, नावं, संकल्पना वहीत उतरवा. दुसऱ्यात निम्म्या गोष्टी ओळखीच्या भेटतील आणि वेग न ठरवता वाढलेला असेल. तिसरं चाळायलाच घ्या. जिथे नवा आकडा दिसेल किंवा आधीच्या दोघांशी न जुळणारं विधान येईल, तिथे थांबून ते पान नेहमीच्या वेगाने वाचा आणि वहीत त्या जुन्या नोंदीशेजारी लिहून ठेवा.